पंधरा मीटरांहून लहान

"पंधरा मीटरांहून लहान ठिपका म्हणजे लाट, पुसून टाकायची," साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उपग्रहाच्या रडारवर चोरटे ट्रॉलर हुडकताना ती ते निमूटपणे पाळत आली. नऊ मीटरांची होडी घेऊन मासेमारीला निघताना धाकटा भाऊ हसला होता, "ताई, वरून बघतेस ना? हात हलवीन, ओळख दाखव." आठवड्याने यायचा तो आलाच नाही. शोध थांबल्यावर भावजय म्हणाली, "वन्सं, काही दिसलं तर लपवू नका." तिने शब्द दिला आणि त्या दिवसांची मूळ, पुसण्याआधीची रडार-चित्रं शेऱ्यांसकट छापून काढली. एक इवला ठिपका सलग पाच दिवस प्रवाहाबरोबर वाहत गेला होता. सहाव्या दिवशी नुसतं पाणी. पाचही चित्रांवर शेरा: "लाट. पुसली." खाली तिचीच सही. साहेब पुटपुटले, "फाडून टाका. कोण विचारतंय?" तिने कागद पिशवीत ठेवले आणि भावजयीच्या घराची वाट धरली.