एक नंबर मोठा

डोंगरावर जायचं म्हणून नवरा-बायको बूट घ्यायला आले होते. तिचे वॉटरप्रूफ बूट दणकट आहेत का ते बघायला नवऱ्याने तिच्या चवड्यावर दाणकन टाच आपटली.

"ओरडली नाही, म्हणजे माल चांगला आहे," तो हसत म्हणाला.

दुकानातली बाई बूट बघायला खाली वाकली. बायकोने काळंनिळं मनगट बाहीत ओढून घेतलं.

फोन आला म्हणून तो बाहेर गेला, तशी दुकानातली बाई हळूच म्हणाली, "डोंगर उतरताना बोटं पुढे आपटतात, ताई. एक नंबर मोठा घ्या. साहेबांनी तर घट्टच निवडलेत, तेही बदलून देऊ?"

बायकोने नाडी आवळून गाठ मारली.

 

"राहू द्या. त्यांना कुठे उतरायचंय."