न दुखणारा पाय

डावा गुडघा दुखत नव्हता, आणि म्हणूनच तिला दरदरून घाम फुटला होता.

मुलगी चौदा वर्षांची. समोर मानसोपचारतज्ज्ञ बाई, आई बाहेर बाकावर. दीड वर्ष मायलेकींनी दवाखाने पालथे घातले होते. रिपोर्ट सगळे चांगले, गुडघा मात्र ठणकायचा. "शाळा कशी चुकवायची ते हिच्याकडून शिकावं," असं काका जेवताना म्हणाले होते आणि घरात त्यांना कोणी गप्प केलं नव्हतं. तुझं दुखणं खरं आहे, असं पहिल्यांदा सांगितलं ते या बाईंनी. शरीराची धोक्याची घंटा वाजतच राहिलीय, आपण ती हळूहळू शांत करू, म्हणाल्या. त्या दिवशी ती पोटभर रडली होती.

आता घंटा शांत झाली होती, तर हिची पाचावर धारण बसली.

"आज पाय काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

तिने ओढणीच्या टोकाला पीळ दिला. मग हळूच म्हणाली, "दुखत नाहीये. सकाळपासून. पण आईला सांगू नका."

"का गं?"

"ती आनंदाने घरभर सांगेल. आणि उद्या परत दुखलं तर? सगळे म्हणतील, काल तर बरा होता."

बाई हसल्या नाहीत, हे बरं झालं. "दुखणं असंच जात-येत कमी होतं. उद्या दुखलं तर तेही खरंच असेल," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार. तुला वाटेल तेव्हा तूच सांग."

ऐकून बरं वाटलं. पण बाई भेटायच्या आठवड्यातून एकदा, आणि काका रोज.

ती बाहेर आली तशी आई उठली आणि नेहमीसारखी तिच्या डाव्या बाजूला झाली. रोजच्यासारखं चालायचं, बस्स. ती लंगडत निघाली. बाकं मागे पडली, औषधांची खिडकी मागे पडली. एकाएकी आईची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. मुलीनेही खाली पाहिलं.

ती उजव्या पायाने लंगडत होती.

दीड वर्षाचं खरं दुखणं एका क्षणात खोटं ठरलं होतं. आता आई बोलेल, मग घरी कळेल, आणि यापुढे कितीही दुखलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

मागून वळसा घालून आई मुलीच्या उजव्या बाजूला आली आणि तिने दंड पुढे केला.

"इकडून धर," ती अगदी हळू म्हणाली. "आणि घरात शिरताना डावा, लक्षात ठेव."