दमसास

सुई टेकवण्याआधी लिव्हियोनं नवी रेकॉर्ड दोन्ही तळव्यांवर तोलून धरली.

"अकरा वर्षांनी," तो म्हणाला, थांबला, श्वास घेतला आणि मग वाक्य पुरं केलं, "जागा झाला म्हातारा."

ते थांबणं नेवियानं ऐकलं. नवऱ्याचं असलं थांबणं ती फेब्रुवारीपासून ऐकत होती. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसावं.

रियेकाच्या बंदरावरचा रविवार, भर दुपार. चौथ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात टेबलावर शिंपल्यांच्या कवचांचा ढीग पडला होता. समोर दुश्को, जहाजांच्या गोदीत लिव्हियोच्या खांद्याला खांदा लावून तीस वर्षं वेल्डिंग केलेला, आणि त्याची बायको यास्ना. 'तिसरा धक्का' ह्या बँडची प्रत्येक रेकॉर्ड ह्या चौघांनी ह्याच टेबलाशी पहिल्यांदा ऐकली होती. गाणाऱ्याला सगळं शहर बार्बा म्हणायचं, म्हणजे काका. दीड वर्षापूर्वी ह्या काकाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आवाज उरलाय की नाही, ते आज कळणार होतं.

पहिल्यांदा ऐकताना कुणी बोलायचं नाही, हा नियम. पहिली बाजू संपली. बार्बाचा आवाज पार झिजला होता, पण होता. दुश्कोनं हात पुसायच्या कागदाला डोळे पुसले.

"जिवंत आहे रे बाबा!" तो ओरडला. "चला, आता भांडी!"

हाही त्यांचाच रिवाज. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात बार्बा शेवटी एक लांब सूर धरतो. दुसऱ्या खेपेला तो सगळ्यांनी त्याच्याबरोबर धरायचा. ज्याचा दम आधी सुटेल त्यानं भांडी घासायची. नेविया घड्याळ बघणार आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं सेकंद लिहिणार. मागच्या रेकॉर्डवर तिच्याच अक्षरात होतं, बार्बा एकवीस, लिव्हियो तेवीस. छत्तीस वर्षांत लिव्हियोनं एक बशीसुद्धा विसळली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी माज होता.

"ह्या वेळी राहू दे की," नेविया म्हणाली. "मी घासते सगळी."

"का म्हणून? म्हातारा तो झालाय, मी नाही."

"अगं, तू त्याला पाठीशी घालू नकोस," यास्ना म्हणाली. "आज तरी त्याचे हात ओले होऊ देत."

नेवियानं फ्रिजकडे पाहिलं. तिथं चुंबकाखाली छातीच्या एक्स-रेची चिठ्ठी होती. तारीख दोनदा बदलून घेतलेली. रेकॉर्ड येऊ दे, मग जातो, असं तो म्हणाला होता. उद्याची तारीख होती. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा आणि बराच वेळ वाकलेलाच राहायचा. परवा तो असाच वाकला तेव्हा त्याच्या पायात चपला होत्या. नेवियाला त्या क्षणी जिन्यातच ओरडावंसं वाटलं होतं. पण हे फक्त तिलाच दिसत होतं, आणि एकटीलाच दिसतंय म्हणजे मनाचे खेळही असतील, एवढ्या आशेवर तिला रात्री झोप लागत होती.

लिव्हियोनं शेवटचं गाणं पुन्हा लावलं. ते संपत आलं. तिघांनी छात्या भरून घेतल्या. बार्बानं सूर लावला, तिघांनी धरला. नेवियाचे डोळे घड्याळाच्या काट्यावर होते, कान मात्र एकाच आवाजावर. तीन. चार. लिव्हियोच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पाच. ओठांचा रंग उडाला. सहाव्या सेकंदाला त्याचा सूर तुटला.

आणि त्याच क्षणी दुश्कोचं तोंड मिटलं. यास्नाचंही.

दुश्को, जो नाकानं चोरून श्वास घ्यायचा, लालबुंद व्हायचा, पण हार मानायचा नाही. यास्ना, जिनं मागच्या वेळी सतरा सेकंद खेचले होते. दोघं एकदम गप्प झाले आणि दोघांनीही खाली कवचांकडे बघितलं. खोलीत एकटा बार्बा उरला. फाटका, थरथरता, तो गात राहिला. दहा. बारा. चौदा.

"बरोबरी!" दुश्को घाईघाईनं म्हणाला. "तिघं एकदमच. म्हणजे कुणीच घासायची नाहीत."

नेवियानं दोघांकडे पाहिलं. ह्यांनाही माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. आणि ह्यांना दिसत होतं म्हणजे ते खरंच होतं.

लिव्हियो टेबलाला धरून श्वास गोळा करत होता. त्यानं आधी दुश्कोकडे पाहिलं, मग यास्नाकडे. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. मग तो बायकोकडे वळला.

"किती?"

तिनं पेन्सिल उचलली, पण कव्हरवर टेकवली नाही.

"लिही, नेविया. खरं लिही."

तिनं लिहिलं. बार्बा चौदा, लिव्हियो सहा.

लिव्हियो उठला, चारही ताटं एकावर एक रचून मोरीपाशी नेली, आणि पाठमोरा उभा राहून त्यानं बाह्या वर सारल्या.

"उद्या कितीला जायचंय?"

"आठला," ती म्हणाली.

"बरं."

त्यानं नळ सोडला. पाणी नुसतंच वाहत राहिलं. तो खालचं कपाट उघडून बघू लागला, मग वरचं.

"साबण कुठे असतो गं?"