पोट भरलेली ज्वारी

सकाळी साडेदहाला भुवनेश्वरीच्या ज्वारीचं दार बंद झालं आणि शिवपुत्रनं चेहऱ्यावर दुःख आणलं. जरा जास्तच आलं. त्यानं थोडं कमी केलं.

दार म्हणजे मुळातल्या पेशीच्या पटलावरचं, पोटॅशियम आत घेणारं दार. डोळ्यांना दिसत नाही. केसाहून बारीक काचनळी पेशीला चिकटवायची. दार उघडलं की पडद्यावरची रेष उडी मारते. दोघांचं पीएचडीचं तिसरं वर्ष. ज्वारी एकाच पोत्यातली, मंगळवेढ्याची. तरी भुवनेश्वरीची रेष वर्षभर उड्या मारत होती आणि शिवपुत्रची चार महिने आडवी पडून होती. त्यानं हात जोडून पाहिले, ओरडून पाहिलं, एकदा कानडीतही समजावलं. ढिम्म.

"काल दुपारपर्यंत बरी होती की," भुवनेश्वरी म्हणाली. "आठ दिवस उपाशी ठेवलीत रोपं. पोटॅशचा थेंब दिला नाही मी."

काल दुपारी ती डबा खायला गेली, तेव्हा शिवपुत्रनं सात रस्ता चौकातून एक शहाळं आणलं होतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम लई. अर्धं त्यानं तिच्या रोपांच्या ट्रेमध्ये ओतलं. उरलेलं स्वतः प्यायला, मन शांत व्हावं म्हणून.

त्यांचे गाइड निंगप्पा सर पडद्याजवळ वाकले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. शिवपुत्रला त्या फार आवडल्या.

"अगं, हेच तर पाहिजे होतं की!" सर म्हणाले. "भूक लागली की दार उघडतं, हे तू दाखवलंस. पोट भरलं की बंद होतं, हे कुठं दाखवलं होतंस? तुझा पेपर जर्नलकडनं त्यासाठीच तर परत आला."

"पण सर, यांना भरवलं कुणी?"

"कुणी का भरवेना. काय दिलं, किती, कधी, एवढं कळू दे. देणाऱ्याचं नाव पेपरवर तुझ्या नावाखाली घालू. नाही कळलं, तर हा आलेख कचऱ्यात."

शिवपुत्रच्या नावावर आजवर एकही पेपर नव्हता. त्यानं पडद्याकडं पाहिलं. आडवी रेष. हुबेहूब त्याच्यासारखी. त्याच्या आडव्या रेषेला चार महिन्यांत कुणी 'हेच पाहिजे होतं' म्हणालं नव्हतं.

"शहाळं," तो म्हणाला.

सरांनी चष्मा काढला.

"अर्धं. काल, दीड वाजता."

"कशासाठी?"

"जळून, सर."

भुवनेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं. आता ती ओरडेल, रडेल, निदान काचनळी तरी फेकून मारेल, या तयारीनं तो डोळे मिटून उभा राहिला.

तिनं वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"मलईवालं की पाणीवालं?"