विश्वासातला आवाज

समुद्राकडून हल्ला होणार असल्याचा सरकारी इशारा, ज्याचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास त्याच्या मशीनने बनवलेल्या हुबेहूब आवाजात, प्रत्येकाच्या फोनवर गेला आणि तासाभरात वेंगुर्ला रिकामं झालं. फक्त एक माणूस घराबाहेर पडला नव्हता. मुंबईच्या माहिती कक्षात कामावर असलेल्या मृदुलाने पडद्यावर त्याचं नाव पाहिलं. ते तिचे वडील होते आणि त्यांना इशारा तिच्याच आवाजात गेला होता. सहा वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने स्वतः फोन लावला.

"अण्णा, ताबडतोब निघा."

"मघाशीही हेच ऐकलं. तू मशीन आहेस."

"हट्टापायी आईला दवाखान्यात उशिरा नेलंत, आता स्वतःही मरा!" मृदुला ओरडली.



"आता तू बोललीस," अण्णा म्हणाले. "चपला घालतो."