तासाला दीड अंश

खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, गोळ्यांच्या चार पट्ट्या, औषधाची एक बाटली आणि चार माणसं होती. पलंगावरचे वडील धरले तर पाच.

डॉक्टर तरुण होता. त्याने थर्मामीटर उजेडात धरला आणि घड्याळाकडे पाहिलं. बरोबर सहा.

"चौतीस. जिवंतपणी सदतीस असतं, म्हणजे तीन अंश उतरलंय. तासाला दीड अंश उतरतं. दोन तास झाले. चारच्या सुमारास गेले."

भाऊ बहिणीकडे वळला. "चारला तूच होतीस ना गं इथे?"

ती तीनपासून तिथे होती. ती आली तेव्हा भाऊ दारातच चपला सरकवत होता. "पावणेतीनला मीच औषध पाजलंय," तो कुजबुजला होता. "आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नकोस." तिने उठवलं नाही. खुर्चीसुद्धा सरकवली नाही. खोकल्याची उबळ आली तेव्हा बाहेर जाऊन खोकून आली. साडेपाचला पुढच्या औषधाची वेळ झाली, तेव्हा तिने पहिल्यांदा हात लावला.

"दोन वर्षं मी केलं त्यांचं," भाऊ म्हणाला. "एक दुपार हिच्यावर सोपवली, तर ही तऱ्हा."

"शेजारी बसून बाप जातो आणि हिला पत्ता नाही!" आत्याने पदर डोळ्यांना लावला. "पोटची पोर म्हणे."

वडिलांच्या पायांवरचं पांघरूण बहीण पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

डॉक्टर दाखला लिहायला बसला. वेळेच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. त्याने थर्मामीटर पुन्हा उचलला, आकड्यापुढचं अक्षर पाहिलं.

"माफ करा, माझं चुकलं. दीड अंशाचा नियम फॅरनहाइटचा. आम्ही तो तसाच पाठ करतो. हा थर्मामीटर सेल्सिअसचा आहे. फरकाला नऊने गुणून पाचाने भागायला हवं होतं."

"आणि बत्तीस मिळवायचे असतात," भाऊ घाईने म्हणाला.

"ते तापमानाला. फरकाला नाही."

"अहो, जाऊ द्या ना डॉक्टर! चार काय नि साडेचार काय. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"साडेचार नाही. वेळ मागे जाते," डॉक्टर म्हणाला.

आत्याने पदर खाली घेतला. बहिणीचा हात पांघरुणावर थांबला.

"पाच पूर्णांक चार. भागिले दीड." डॉक्टर पुटपुटत आकडे मांडत होता. "तीन पूर्णांक सहा तास."

त्याने ते सहातून वजा केले.

दोन वाजून चोवीस मिनिटं.