डोलकाठीवरचा कागद

खळीची बाटली समुद्रात पडली तेव्हा कोर्टाचा बेलिफ दोरशिडीच्या मधोमध लोंबकळत होता. वर बारा खलाशी कठड्याला टेकून त्याच्याकडे टक लावून बघत होते. जहाज जप्त करायला आलेल्या माणसाचे स्वागत कसे होते, हे त्याला तीस वर्षांत चांगलेच कळले होते. एकदा तर मासळी धुतलेले पाणी डोक्यावर आले होते.

आज मात्र वरून दोन हात आले आणि त्यांनी त्याला अलगद ओढून घेतले.

जहाजाला तेल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने थकलेल्या पैशांसाठी दावा लावला होता आणि न्यायाधीशांनी जप्तीचा हुकूम दिला होता. पण हुकूम नुसता खिशात असून भागत नाही. तो डोलकाठीवर चिकटवावा लागतो. चिकटला की जहाज कोर्टाचे, तोवर मालकाचे. आणि मालकाची टगबोट समोरून येताना दिसत होती. भरती भरली की ती जहाजाला ओढून कोर्टाच्या हद्दीबाहेर नेणार होती. मग हुकमाचा उपयोग पुडी बांधण्यापुरताच.

बेलिफाने पिशवीतली चिकटपट्टी लावून पाहिली. खाऱ्या, ओल्या लोखंडावर ती टिकेना. खळ हातची गेली, असे त्याने कप्तानाला ओशाळून सांगितले. आता हा हसणार, असे त्याला वाटले.

कप्तान हसला नाही. त्याने भटारखान्याकडे तोंड करून हाक मारली, "आचारीबुवा, खळ शिजवा. लवकर."

म्हाताऱ्या आचाऱ्याने पातेल्यात पीठ घेतले, पाणी ओतले आणि तो ढवळू लागला. खलाशी भोवती गोळा झाले. एक म्हणे पातळ नको, दुसरा म्हणे गुठळी नको. आचारी म्हणाला, इतकी वर्षे माझ्या भाताला खळ म्हणून नावे ठेवलीत, आज खरी खळ करतोय तर जरा गप्प बसा.

बेलिफाला हे कोडे उलगडेना. जप्तीची एवढी हौस त्याने कुठे पाहिली नव्हती. शेवटी त्याने कप्तानाला विचारले.

कप्तानाने सांगितले ते थोडक्यात असे. मालकाने सात महिन्यांपासून पाठ फिरवली होती. धड शिधा नाही, धड पाणी नाही. जहाज माणसांवाचून सोडता येत नाही, म्हणून बंदर कुणाला उतरू देत नव्हते. कप्तानाची धाकटी मुलगी या काळात चालायला लागली होती. त्याने ते फक्त ऐकले होते. जहाज जप्त झाले, तर त्यावरची माणसे कोर्टाच्या पदरात पडतात. कोर्ट त्यांना जेवू घालते आणि घरी धाडते.

बेलिफाला हा नियम तोंडपाठ होता. त्या नियमाची वाट बघणारी माणसे मात्र तो आज प्रथमच बघत होता.

खळ आली, गरम आणि दाट. बेलिफाने कागद डोलकाठीला लावला आणि त्याच्या हातांवर आणखी किती हात पडले ते मोजता आले नाही. त्याने फोटो काढून बंदराच्या कचेरीला पाठवला. थोड्या वेळाने टगबोटीने तोंड फिरवले. कप्तानाने टोपी काढली आणि तो उपकार झाले, एवढेच म्हणाला.

तीस वर्षांत हा शब्द बेलिफाच्या वाट्याला आला नव्हता. काहीतरी बोलायचे म्हणून त्याने आचाऱ्याला विचारले, "मग, आज रात्री काय बेत?"

आचाऱ्याने डोलकाठीकडे बोट दाखवले.

"जहाजावरचं शेवटचं पीठ त्या कागदामागं आहे, साहेब. रात्रीचं आता तुम्हीच बघायचं."